सहाव्या ठाण्यावरचं बनियन

ओस्तेरभो, २२ ऑगस्ट २००४

प्रिय तोरगाइर काका,

पास झाले! शिकारीच्या परवान्याची लेखी परीक्षा जूनमध्येच झाली होती, नेमबाजीची काल झाली. तीस गोळ्यांपैकी एकच बाहेर गेली, आणि तीही परीक्षक शिंकले म्हणून. तुम्ही दोन उन्हाळे खाणीमागच्या मैदानात मला झोपवून, उभं करून, ओरडून जे शिकवलंत त्याचं हे फळ. किती आभार मानू तेवढे थोडेच आहेत. तुम्हाला ते आवडत नाही हे माहीत आहे, तरी मानते.

दुसरी बातमी तुम्हाला कळली असेलच. शिकारी मंडळींचा म्होरक्या ओद्वार, त्याचं पत्र आलं. बाबांची दबा धरून बसायची जागा, मूस हरणांच्या शिकारीतलं सहावं ठाणं, या वर्षी मला देतोय. पण "एका हंगामापुरती, मग मंडळी ठरवतील" असं लिहिलंय. म्हणजे परीक्षा अजून संपलेली नाही. काका, मला ती जागा हवी आहे. बाबा तिथे बावीस वर्षं बसले. ते गेल्यापासून मला त्यांची आठवण स्मशानात येत नाही, त्या दलदलीच्या कडेला येते.

आता कामाचं विचारते. आत काय घालायचं? इथे आमच्या लोकरीच्या गिरणीत सगळे म्हणतात मेरिनो मेंढीची मऊ लोकर. दुकानातला माणूस म्हणतो सिंथेटिक, लगेच वाळतं. बाहेरचे कपडे बाबांचे आहेत, बूट आहेत. अंगाला चिकटून काय असावं एवढंच सांगा. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच "हो हो" म्हणता.

तुमची,
इंगुन


रेन्दालेन, २ सप्टेंबर

प्रिय इंगुन,

एकोणतीस! तुझा बाप पहिल्या वर्षी सव्वीसवर होता आणि त्याने वाऱ्याला दोष दिला होता. नाचता येईना अंगण वाकडं. तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. दुकानदारीण म्हणाली, "पुरे आता तोरगाइर, तिसऱ्यांदा वाचतोयस."

बनियनचं विचारलंस. सिंथेटिक. विषय संपला.

पण तू अर्न्फिनची मुलगी, विषय संपवू देणार नाहीस, म्हणून सांगतो. लहानपणी आई आम्हा दोघा भावांना स्वतः विणलेलं लोकरीचं बनियन घालायची. ऑक्टोबरात अंगावर चढायचं, मे महिन्यात उतरायचं. शाळेत मी बाकाच्या कडेला पाठ घासत बसायचो, अस्वल झाडाला घासतं तसा. मास्तरांना वाटायचं उवा झाल्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताकसुद्धा फुंकून पितो. एकोणीसशे सत्तरच्या हंगामापासून मंडळींच्या कुत्र्याचं काम माझ्याकडे आहे. चौतीस वर्षं मी कुत्र्यामागे चढ-उतार करतो, दिवसाला वीस-वीस किलोमीटर. घामाने निथळतो, थांबतो, कॉफी उकळेपर्यंत बनियन वाळलेलं असतं. लोकर असती तर ओल्या मेंढीसारखा फिरलो असतो.

सोबत एक पाठवतो आहे, नवं आहे. माझ्या मापाचं, पण तू काही बारीक नाहीस.

आणि दुसरं, जे बनियनपेक्षा महत्त्वाचं. ठाण्यावर बसलीस की ओद्वार "संपलं" म्हणेपर्यंत उठायचं नाही. थंडी वाजो, भूक लागो, झाडामागे जावं लागो. मंडळी नेम चुकल्याचं विसरतात, जागा सोडल्याचं विसरत नाहीत. ऐंशी साली एक जण उठून शेकोटी करायला गेला होता. त्याच्या नातवाला अजून चिडवतात.

पासोप बरा आहे, कुत्रा म्हातारा होतोय पण नाक तरुण आहे. 

तुझा काका,
तोरगाइर


ओस्तेरभो, १२ सप्टेंबर

प्रिय काका,

बनियन पोचलं. मनापासून आभार. घालून आरशासमोर उभी राहिले, आणि तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, मी काही बारीक नाही.

पण काका, तुम्ही चालता. मी बसणार आहे. तीन-चार तास, एका झाडाच्या बुंध्याला टेकून. घाम कुठून यायचा? बाबा लोकरच घालायचे आणि तुम्ही त्यांना "बोकड" म्हणायचात ते मला आठवतंय. खरं सांगू? चार दिवसांनी ज्याचा वास येतो ते तुमचं सिंथेटिक. काकू तुमची बनियनं घरात धुवायची नाही, लाकडाच्या शेडमध्ये धुवायची, हे तिनेच मला सांगितलंय.

आणि मेरिनो म्हणजे आजीची लोकर नव्हे. तंतू केसाच्या निम्म्यानेही जाड नसतो, टोचतच नाही. आमच्या गिरणीतल्या गेर्दबाईंनी मला एक प्रयोग दाखवला. दोन्ही बनियनं ओली करून पिळली आणि बाहेर पडवीत मला एकेक घालायला लावलं. सिंथेटिक लवकर वाळलं, हे कबूल. पण वाळेपर्यंत दात वाजत होते. मेरिनो ओलंच होतं, तरी मी गेर्दबाईंशी गप्पा मारत उभी होते. त्या म्हणाल्या, "चालणाऱ्याचा कपडा वेगळा आणि बसणाऱ्याचा वेगळा, एवढंच. भांडायचं कशाला?"

म्हणून मी दोन्ही आणणार. चढताना तुमचं, ठाण्यावर बसताना ते उतरवून कोरडं मेरिनो. म्हणजे काकाचंही ऐकलं आणि बाबांचंही.

तुमच्यासाठीही एक मेरिनो पाठवते आहे. तुम्हाला काही गरज नाही, तुम्ही पासोपमागे धावणार. पण संध्याकाळी घरी घाला. मी स्वतः शिवून घेतलंय, बाबांच्या मापाचं. माझंही त्याच मापाचं आहे, कारण गिरणीत पुरुषांचं तेवढंच माप कापलेलं होतं.

तुमची,
इंगुन


रेन्दालेन, २६ सप्टेंबर

प्रिय इंगुन,

पार्सल आलं. मऊ आहे, हे मान्य. आभारी आहे. खणात ठेवलंय. आपला तो बाब्या, तशी तुमच्या गिरणीची ती मेरिनो! गेर्दबाईंना सांग, पडवीत उभं राहून कुणी मूस मारलेला नाही.

सोमवारी चार तारखेला संध्याकाळच्या बसने ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. वॅफल करीन. तपकिरी चीज आणू नकोस, इथे भरपूर आहे, तुमच्या पश्चिमेकडचं मला गोड लागतं.

पासोपचं वजन वाढलंय. डॉक्टर माझंही तेच म्हणतो. म्हातारपणी डॉक्टरांना दुसरं सुचत नाही. बाकी सगळं ठीक. मंगळवारी सकाळी ओद्वार ठाणी वाटून देईल तेव्हा कळेलच कोण कुठे ते.

बर्फ पडायला लागेल असं माझं गुडघा म्हणतो... माझा गुडघा म्हणतो. बघ, लिहितानाही घाई झाली आहे, हंगाम आला की असंच होतं.

तुझा काका,
तोरगाइर


रेन्दालेन, ११ ऑक्टोबर

प्रिय इंगुन,

तू बसमध्ये चढलीस तेव्हा बोलायला हवं होतं. नुसता हात हलवला.

मला एक सांग. त्या मंगळवारी पाचव्या ठाण्यावर मी थर्मासमधली दुसरी कॉफी ओतली, इथपर्यंत आठवतं. मग एकदम शेकोटी, आणि माझ्या अंगात तुझं बनियन. मधलं काही नाही, कोरी पाटी. शेकोटीपासून पुढचं मात्र सगळं आठवतं, आणि तेच आठवायला नको आहे.

मध्ये काय झालं?

तो. काका


ओस्तेरभो, १७ ऑक्टोबर

प्रिय काका,

आधी आभार. पाच दिवस खाऊपिऊ घातलंत, सकाळी माझे बूट चुलीपाशी गरम करून ठेवलेत. हे मी विसरणार नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून जसं झालं तसं सांगते.

सकाळी ओद्वारने अंगणात ठाणी वाटली. "कुत्रा श्टाइनारकडे. तोरगाइर, पाच." मला धक्काच बसला. तुमच्या हृदयाचं, डॉक्टरांनी चढ बंद केल्याचं तुम्ही मला एका अक्षराने लिहिलं नव्हतंत. पासोपचा पट्टा श्टाइनारच्या हातात देताना तुम्ही दुसरीकडे बघत होतात. मी हळूच म्हटलं, "काका, आज बसायचंय, खणातलं घालून या ना." तुम्ही म्हणालात, "मी चौतीस वर्षं जे घालतो तेच घालणार." सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हाच.

मग तुम्ही तो चढ असे चढलात की माझा दम निघाला. अजून चालता येतं हे ओद्वारला दाखवायचं होतं ना? टोपीखालून वाफ येत होती. तुम्ही पाचवर थांबलात, मी पुढे दलदलीच्या कडेने सहावर गेले. झाडामागे तुमचं बनियन उतरवलं, कोरडं मेरिनो घातलं आणि बसले. नऊनंतर ओला बर्फ सुरू झाला, मग वारा.

साडेअकराला ओद्वारने वॉकीटॉकीवर सगळ्यांची हजेरी घेतली. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "कुत्र्याला खायला घाल गं, मी येतोच." जीभ जड होती. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याच्या थर्मासात कॉफीच आहे ना?" मी हसले नाही. तुम्ही काकूशी बोलत होता, आणि काकूला जाऊन सहा वर्षं झाली.

बंदूक रिकामी केली आणि तुमच्याकडे आले. हे वॉकीटॉकीवर सांगून निघायला हवं होतं, ती माझी चूक. पण गेल्या वर्षी ओद्वार तुम्हाला म्हणाला होता, "आता एकदा जरी पडलास तर घरी बसून कॉफी उकळायची," हे मला माहीत होतं. सगळ्यांच्या कानावर घालायचा धीर झाला नाही.

तुम्ही कोटाची बटणं काढून बसला होतात. थरथरतही नव्हतात, त्याचीच जास्त भीती वाटली. आतलं बनियन पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. चालणाऱ्याच्या अंगावर ते वाळतं काका, बसणाऱ्याच्या अंगावर नाही. ते ओढून काढलं. माझ्याकडे कोरडं एकच होतं, अंगावरचं. ते काढून तुम्हाला घातलं. तुम्ही मला "आई, टोचतंय" म्हणालात. टोचत नव्हतं हो! मग माझी कॉफी पाजली, साखर चारली, तुम्हाला मिठी मारून बसले. वीसेक मिनिटांनी तुम्ही थरथरायला लागलात आणि मला रडू आलं, आनंदाने.

तेवढ्यात श्टाइनारचा आवाज आला, "सहा, तुझ्याकडे येतोय, मोठा नर!" मी म्हटलं, "मी सहावर नाही." नर माझ्या रिकाम्या जागेवरून आरामात चालत दलदल ओलांडून शेजारच्या हद्दीत गेला.

ओद्वारने "संपलं" म्हटल्यावर तुमच्या कोटाची बटणं लावून, हाताला धरून तुम्हाला शेकोटीपर्यंत आणलं. पुढचं तुम्हाला आठवतं म्हणता. ओद्वारने शेकोटीपाशी विचारलं, "कुठे होतीस?" मी म्हटलं, "थंडी वाजली म्हणून फिरत होते." तुम्ही माझ्या शेजारी होतात.

काल ओद्वारचं पत्र आलं. मंडळींनी हात वर करून ठरवलं: जागा दुसऱ्या कुणाला देणार, माझा मांसाचा वाटाही नाही. सभ्यपणे लिहिलंय, बाबांबद्दल दोन चांगले शब्दही आहेत. त्याला दोष नाही. मी त्याला काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. जागा एकाचीच जायची होती, माझी गेली. तुम्ही आहात, एवढं मला पुरे.

खणातलं घालत जा.

इंगुन


रेन्दालेन, २४ ऑक्टोबर

प्रिय इंगुन,

"सांगू नका" म्हणालीस. काका आहे मी तुझा, प्रत्येक वेळी ऐकेनच असं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. मला वाटत होतं तू थोडीफार मदत केली असशील, कोट वगैरे घातला असशील. शेकोटीपाशी मी तुझ्या बनियनात ऊब घेत बसलो होतो, तू स्वेटर नुसत्या अंगावर घालून कुडकुडत होतीस, आणि ओद्वार तुला बोलत होता तेव्हा मी कॉफीच्या पेल्यात बघत होतो. का गप्प बसलो ते सरळ लिहितो. भ्यालो. मूस गेला त्याचं काही नव्हतं. मंडळी मला घरी बसवतील याची भीती होती. तुझी काकू गेल्यावर वर्षातले ते पाच दिवस सोडले तर मला कोण हाक मारतं? अडुसष्ट वर्षांचा घोडा, पोरीच्या मागे लपला. लाज वाटते.

आता काल काय झालं ते ऐक.

त्या पाच दिवसांत मिळालेल्या दोन मुसांचं मांस दोन आठवडे टांगलं होतं, काल ओद्वारच्या शेडमध्ये कापलं. वाटप तुझ्या बापाने तुला सांगितलं असेल, पण तू पाहिलेलं नाहीस. लांब टेबलावर सारखे ढीग करतात, माणशी एक. मग सगळ्यांत वयस्कर माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ओद्वार एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. बघून कुणाला चांगला तुकडा देता येऊ नये म्हणून. एकदा घेतलेलं नाव बदलत नाहीत. माझ्या आजोबांनी एकदा चुकून मेलेल्या माणसाचं नाव घेतलं होतं, तर तो वाटा त्याच्या विधवेला पोचवला होता.

पाच वर्षं पाठमोरा माणूस मी आहे. तुझं नाव कापलं, म्हणून काल अकरा ढीग होते.

"हा कुणाचा?" "श्टाइनार." "हा कुणाचा?" "रूनार." असं दहापर्यंत गेलं. राहिलं फक्त माझं नाव. ओद्वार कंटाळून म्हणाला, "आणि हा कुणाचा, सांग एकदाचं."

मी म्हटलं, "इंगुन."

शेडमध्ये सुरी ठेवल्याचा आवाज आला. ओद्वार म्हणाला, "तोरगाइर, तो तुझा आहे."

"घेतलेलं नाव बदलत नाहीत," मी म्हटलं.

"तिचा वाटा मंडळींनी काढलाय. थंडी वाजली म्हणून जागा सोडली तिने."

"थंडी तिला नाही वाजली. मला वाजली."

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच सगळं सांगितलं. वळलो असतो तर जमलं नसतं. डॉक्टरांचं, खणात ठेवलेल्या बनियनचं, चढ धावत चढल्याचं सांगितलं. वॉकीटॉकीवर ते सगळे ज्याला हसले ते काय होतं ते सांगितलं. तू स्वतःच्या अंगातलं काढून मला घातलंस, आणि ओद्वार तुला बोलत होता तेव्हा मी तेच घालून बसलो होतो, हेही सांगितलं. म्हटलं, "माणूस मरत असताना जी ठाण्यावर बसून राहील तिच्या शेजारी मला बसायचं नाही. आता मला घरी बसवायचं तर बसवा."

मला वाटलं, झालं, आता कोट घ्यावा आणि निघावं. मग पाठीमागे पावलं वाजली, टेबलावर काहीतरी थप्पकन पडलं. मग पुन्हा. वळलो तर श्टाइनारने आपल्या ढिगातला मांडीचा तुकडा टेबलाच्या रिकाम्या टोकाला ठेवला होता, त्यावर रूनारने एक, मग एकेक करून सगळ्यांनी. बारावा ढीग झाला. ओद्वारने स्वतःचा पाठीचा लुसलुशीत तुकडा वर ठेवला, जो तो दर वर्षी बायकोसाठी जपून नेतो. मग तो माझ्या जागी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "विचारा कुणीतरी."

श्टाइनारने विचारलं, "हा कुणाचा?"

"तोरगाइर," ओद्वार म्हणाला. आणि वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. कांदे कुणी चिरत नव्हतं.

पोरी, मी शेडबाहेर जाऊन ढसाढसा रडलो. पासोपने मध्येच येऊन तोंड चाटलं, त्याला मांसाचा वास होता म्हणून.

तुझी जागा तुझीच आहे. एका हंगामापुरती नाही, कायमची. ओद्वार वेगळं लिहिणार आहे, त्याला माफी मागायची आहे आणि त्याला ते जमत नाही, तेव्हा पत्र तुसडं वाटलं तर समजून घे. मला घरी बसवलेलं नाही. पण अट घातलीय. रोज सकाळी निघताना कॉलर उघडून ओद्वारला आत काय घातलंय ते दाखवायचं. अकरा माणसांसमोर, या वयात! दाखवीन.

तुझा वाटा गोठवून शुक्रवारच्या बसने पाठवतो. आणि जे आभार त्या दिवशी शेकोटीपाशी मानायचे होते ते आज मानतो. जीव वाचवल्याचे तर आहेतच, त्याहून जास्त तू गप्प राहिलीस त्याचे. तुझ्यासारखं गप्प राहायला छाती लागते, माझ्यासारखं राहायला काही लागत नाही.

तुझा,
तोरगाइर काका


ओस्तेरभो, २ नोव्हेंबर

प्रिय काका,

पार्सल शनिवारी आलं. बसचालक म्हणाला, "यात अख्खा मूस आहे का?" त्याला एक तुकडा द्यावासा वाटला, पण दिला नाही.

ओद्वारचं पत्रही आलं. तीन ओळी. तिसरीत लिहिलंय, "मी मूर्ख आहे, हे घरी वाचून दाखवलं आहे." मला तर ते फारच गोड पत्र वाटलं.

काका, तुम्ही खरं लिहिलंत, मीही लिहिते. शेकोटीपाशी तुम्ही गप्प बसलात ते मला लागलं होतं. थंडीपेक्षा जास्त. गेल्या पत्रात मी मोठेपणाने "मला पुरे" लिहिलं, पण ते लिहून झाल्यावर उशीत तोंड खुपसून रडले होते. तुमच्यावर चिडले, मग बाबांवर चिडले, ते गेले म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी बाबांची बंदूक विकायची जाहिरात दिली. तुम्हाला कळवलं नव्हतं. ठाणंच नाही तर बंदूक भिंतीवर बघत कशाला बसायचं, असं वाटलं.

तुमचं पत्र वाचलं, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून माझं नाव घेतलंत तिथे थांबले. पुन्हा वाचलं. गेर्दबाईंना घरी बोलावून वाचून दाखवलं. आता मनात काही उरलेलं नाही, खरंच. आभार मी मानायचे की तुम्ही, याचा हिशेब आपल्याला कधी जमायचा नाही, तेव्हा दोघांनीही मानत राहू.

रविवारी दुपारी बंदुकीसाठी एक गिऱ्हाईक आलं. जाहिरात काढायची मी विसरूनच गेले होते. बिचारा दोन तास गाडी चालवून आलेला, हातात पैशांचं पाकीट. मी दारातच म्हटलं, "माफ करा, ती विकायची नाही. ती मला लागते."

इतका पडेल चेहरा केला त्याने की मला राहवेना. आत बसवलं, आपल्या मांसाचा रस्सा, बटाटे आणि लिंगनबेरीचा मुरंबा वाढला. दोनदा मागून घेतलं त्याने. निघताना विचारलं, "ठाणं कुठे आहे तुमचं?"

मी सांगितलं.

सहाव्या ठाण्याची,
इंगुन